चांगुणाबाई पगारे हजर

माझी बायको चांगुणा पोळ्याच्या सुमारास काविळीने गेली, आणि दिवाळी होऊन गेल्यावर तिला सरकारी बोलावणं आलं. शहराच्या विकास आराखड्यावर आपण घेतलेल्या हरकतीची सुनावणी ठेवली आहे, आपण स्वतः हजर राहावे, न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजले जाईल. पोस्टमनला मी सांगितलं, बाई वारली. तो म्हणाला, मग मयत असा शेरा मारून परत पाठवतो. मी पाकीट त्याच्या हातून ओढून घेतलं. तिच्या हयातीत तिच्या नावावर कधी पत्र आलं नव्हतं. पहिलं आलं ते परत पाठवायला मी तयार नव्हतो.

हे चौऱ्याऐंशी साल. आमची वस्ती चिंचमळा, नाशिकच्या कडेला, दिंडोरी रस्त्याच्या आतल्या अंगाला. पस्तीसेक घरं, सगळी बौद्धांची. वस्तीसमोर मोकळं मैदान आणि मैदानापलीकडे बंगल्यांची सोसायटी. मी गवंडीकाम करतो. त्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या भिंती माझ्या हातच्या आहेत. मोठेपणा म्हणून सांगत नाही. मजुरी घेतली, विषय संपला.

वस्तीत नळ नव्हता, विहीर होती. बाहत्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना लांब उभं करायचे. कुणाच्या मनात आलं तर वरून हंड्यात ओतायचे, नाही आलं तर नाही. चांगुणा तेव्हा नवी सून होती. दिवसभर ती खडी फोडायच्या सरकारी कामावर जायची, आणि तिथून आल्यावर वस्तीतल्या बायकांना गोळा करून आमच्या विहिरीच्या खड्ड्यातली माती वर काढायची. पुरुष आधी हसले, मग लाज वाटून पहार घेऊन आले. पाणी लागलं त्या दिवशी ती रिकामा हंडा घेऊन गावच्या विहिरीवर गेली, सगळ्यांसमोर तो काठावर आपटला आणि परत आली. हंड्याला पोचा पडला. अजून तो घरात आहे, आणि अजून त्यात पाणी भरतो.

आमच्या त्या विहिरीवरून आराखड्यात रिंग रोड दाखवला होता. कचेरीत भिंतीवर नकाशा लावला होता आणि लोकांनी साठ दिवसांत हरकती द्याव्या असं जाहीर केलं होतं. जाहीर केलं म्हणजे पेपरात दिलं. आमच्या वस्तीत पेपर भेळेच्या पुडीतून येतो. आम्हाला कळलं ते सावळीराममुळे. सावळीराम त्या कचेरीत शिपाई, आमच्या कारभारीचा साडू. कारभारी केदारे हा वस्तीतला चार ठिकाणी उठबस असलेला माणूस. तो जाऊन नकाशा पाहून आला. रस्ता मैदानातून नेला असता तर विहीर वाचत होती. पण मैदान सोसायटीने बागेसाठी धरलेलं होतं. बाग अजून झालेली नव्हती. बागेचा विचार झालेला होता. विचाराला नकाशात हिरवा रंग मिळाला आणि आमच्या भरलेल्या विहिरीला काही मिळालं नाही, तिच्यावरून दोन रेघा गेल्या.

हरकत लिहायची ठरली तेव्हा मी मनमाडला होतो, रेल्वेच्या चाळीच्या कामावर. काय झालं ते मला चांगुणाने नंतर सांगितलं. कारभारीचं म्हणणं होतं की घराघराने वेगळा कागद द्यावा. चांगुणाने ते मोडून काढलं. त्याला कारण होतं. काही वर्षांआधी नळासाठी आम्ही असेच वेगवेगळे अर्ज दिले होते. गावच्या बागायतदाराने एकेकाला द्राक्षाच्या मळ्यात बाजूला घेतलं आणि छाटणीचं काम पाहिजे का नळ पाहिजे असं विचारलं. एकेकाने गुपचूप जाऊन अर्ज मागे घेतला. शेवटी कळलं की सगळ्यांनीच घेतला होता. म्हणून चांगुणा म्हणाली, या टायमाला कागद एकच. कुणाला मागं घ्यायचा असंल तर सगळ्या वस्तीला घेऊन जाईल.

सगळ्यांना पटलं. मग कागद फिरला. आमचे शूर पुरुष एकेक करून अंगठे उठवत गेले, सह्या करत गेले, आणि सगळ्यांनी वरची पहिली जागा मोकळी सोडली. पहिलं नाव कुणालाच नको होतं. कागद फिरून चांगुणापाशी आला तेव्हा खाली जागा नव्हती आणि वर होती. ती रात्रीच्या प्रौढ वर्गात सही शिकली होती. तिने वर सही केली. मला सांगताना ती हसत होती. म्हणाली, “लग्नात पहिल्या पंगतीला कधी कुनी बसू दिलं न्हाई. हितं जागा रिकामीच व्हती, बसले.”

सोसायटीला आमच्या कागदाची खबर लागली. त्यांच्या सेक्रेटरीने मजकूर टाइप करून त्याच्या प्रती काढल्या, प्रत्येक बंगल्यात वाटल्या, आणि नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, मुलाची वेगळी अशी हरकतपत्रं दाखल केली. मजकूर एकच: रस्ता आहे तिथेच ठेवावा, बागेला धक्का लावू नये. त्यांचा गठ्ठा झाला. आमची झाली एक हरकत. सगळी वस्ती त्या एका कागदावर होती, पण कचेरीत कागद मोजतात, माणसं मोजत नाहीत. एकीने राहा म्हणून आम्हाला लहानपणापासून सांगितलं. एकीने राहिलो. एक धरले गेलो.

बोलावणं घेऊन मी सावळीरामकडे गेलो. त्याने सरळ सांगितलं. अर्जदार म्हणजे पहिलं नाव. बाकीचे पाठिंबा देणारे. पाठिंब्याची सुनावणी होत नाही. अर्जदार मयत असं कळलं की फाईल बंद. नवी हरकत घ्यायची मुदत संपली. मी म्हणालो, मी नवरा आहे, मी बोलतो. तो म्हणाला, तिचं अधिकारपत्र लागेल. मी म्हणालो, मेल्या बाईने अधिकारपत्र कुठून द्यायचं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “पुंजाभाऊ, कोन वळखतं तिला? एखादी बाई उभी करा. नाव पुकारलं का हजर म्हनायचं.”

मी त्याला मारलं नाही एवढंच. उठून आलो. पण त्याने कारभारीलाही तेच सांगितलं होतं, आणि वस्ती माझ्या दारात येऊन बसली. गोजराबाई, माझ्या आईच्या वयाची, तिने बोलायला सुरुवात केली. म्हणाली की विहीर गेली तर गावच्या विहिरीवर पुन्हा हात पसरायचा, आणि हे चांगुणाला चाललं असतं का ते तू सांग. बाकीचे तिच्या मागे बसले होते. ज्यांनी वरची जागा मोकळी सोडली होती तेच सगळे. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला असा संताप आला की मी दार लावून घेतलं. बायको जिवंत असताना पहिलं नाव तिने द्यायचं, आणि मेल्यावरही हजर तिनेच राहायचं. तुमच्यातल्या एकानेही त्या वेळी पहिला अंगठा दिला असता तर आज तो तिथे जाऊन उभा राहिला असता. हे मी दाराआडून मोठ्याने बोललो. बाहेरून कुणी उठून गेलं नाही.

सकाळी दार उघडलं तर कारभारीची बायको मंगलाबाई उभी होती. म्हणाली, मी उभी राहते. तिच्या अंगावरचं लुगडं मधे जोडून दंड घातलेलं, गुडघ्यापाशी विरलेलं. ती खाली बघत म्हणाली, “भावजी, कचेरीत जायाजोगं माझ्यापाशी काय न्हाई. तिचं ते पातळ हाय का?”

होतं. वांगी रंगाचं, मोठ्या पांढऱ्या फुलांचं. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोने चांगुणाला दिवाळीत दिलेलं. चांगुणा तिच्याकडे तीन वर्षं भांडी घासत होती. पदराजवळ इस्त्रीचा डाग होता म्हणून त्या बाईने ते टाकलं होतं. चांगुणाने डागावर त्याच रंगाचं ठिगळ लावलं आणि शहरात जायचं असलं की नेसायची. तिचे बाकीचे कपडे मी वाटून टाकले होते, हे एक ठेवलं होतं. ते मी मंगलाबाईच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

मग माझ्या ध्यानात आलं. सेक्रेटरी आणि त्याची बायको सुनावणीला येणार. तीन वर्षं जी बाई रोज त्यांच्या घरी येत होती तिच्या जागी दुसरी उभी केली तर ते तिथेच बोट दाखवणार. विहीर जाईल, वर खोटेपणाचा आरोप येईल, मंगलाबाईला पोलिसात देतील. मी कारभारीला हे सांगितलं. तो म्हणाला, आता दुसरा इलाज नाही, पदर डोक्यावरून पुढे ओढून घे म्हणावं. सहीचा प्रश्न आला तर म्हणून त्याने तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलं, विळा लागल्यासारखं.

सुनावणीला आख्खी वस्ती पायी गेली. त्या दिवसाची मजुरी बुडाली सगळ्यांची. आत फक्त अर्जदार आणि एक माणूस एवढ्यांना सोडत होते, म्हणून मंगलाबाई आणि मी गेलो. बाकीचे व्हरांड्याखाली उन्हात बसले. सोसायटीचे लोक आधीच आत होते. गठ्ठा त्यांचा मोठा म्हणून पंख्याखालच्या खुर्च्या त्यांना. त्यांना चहा आला. सेक्रेटरीची बायको दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, मंगलाबाईपासून हातभर अंतरावर. मंगलाबाई खाली जमिनीवर बसली. खुर्च्या होत्या, पण तिला कुणी बस म्हटलं नाही आणि ती आपण होऊन बसली नाही. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो.

आधी सेक्रेटरी बोलला. चांगलं बोलतो तो. मुलांना खेळायला जागा, शहराचं सौंदर्य, असं बरंच. मग विहिरीवर आला. म्हणाला, त्या वस्तीची विहीर म्हणजे रोगाचं घर आहे. याच पावसाळ्यात तिथे काविळीची साथ झाली. एक-दोन बायका दगावल्याचंही ऐकलं. अशी विहीर बुजवणं हेच त्या लोकांच्या हिताचं आहे.

एक-दोन बायका. मी भिंतीला हाताचा पंजा दाबून धरला. त्याच्या घरची भांडी घासणारी बाई, तिचं मरण त्याने आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं, आणि ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. ताप आला तेव्हा शेजारच्या पोरीबरोबर तिने निरोप पाठवला होता की चार दिवस येणार नाही. नंतर त्या घरातून कुणी विचारायला आलं नाही. दुसरी बाई मिळाली असेल.

मग पुकारा झाला. चांगुणाबाई पुंजाराम पगारे.

मंगलाबाई उठली. म्हणाली, “हजर हाय.” सुनावणी घेणाऱ्या साहेबाने वर न बघता विचारलं, काय म्हणणं आहे. मी सेक्रेटरीच्या बायकोकडे बघत होतो. तिने मान वळवली. मंगलाबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची नजर पदराजवळच्या ठिगळावर थांबली. मी मनात म्हणालो, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तेच हवं होतं. तिने ओरडावं, ही चांगुणा नाही, चांगुणाला मी ओळखते. विहीर गेली तरी चालेल असं मला त्या एका क्षणाला वाटलं.

ती काही बोलली नाही. पुन्हा समोर बघू लागली.

मंगलाबाईला कारभारीने घोकून दिलं होतं: विहीर जुनी आहे, नळ नाही, रस्ता मैदानातून न्यावा. तेवढं ती बोलली. साहेब कागदावर लिहीत होता. ती थांबली तशी त्याने ठीक आहे म्हणून दुसरी फाईल ओढली. तेव्हा मंगलाबाई स्वतःचं बोलली. आवाज चढवला नाही.

“सायेब, पानी आमचं चांगलं व्हतं. बारा वर्सं पितो, कुनाला काय झालं न्हवतं. ह्या बंगल्यावाल्यांनी संडासाच्या टाकीचा पाइप मैदानात सोडलाय. उतार आमच्याकडं हाय. ते आमच्या मेलेल्या बाया मोजत्यात, त्यांचा पाइप बी मोजा.”

साहेबाने पहिल्यांदा वर पाहिलं. सेक्रेटरीला विचारलं, हे खरं आहे का. तो म्हणाला, तात्पुरती सोय आहे, हा इथला विषय नाही. साहेब म्हणाला, जागा बघावी लागेल. मंगलाबाईच्या बांधलेल्या हाताकडे पाहून त्याने डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायला लावला आणि आम्हाला जायला सांगितलं. हरकत ऐकली गेली.

आम्ही व्हरांड्यात आलो. मागून चपलांचा आवाज आला. सेक्रेटरीची बायको होती. मंगलाबाईच्या खांद्याला तिने मागून बोट लावलं, अगदी टोकाने. म्हणाली, “अगं चांगुणा, अशी न सांगता काम सोडतात का? आणि आमच्याच विरुद्ध कागद देतेस? बरं ते जाऊ दे. नवी बाई भांड्याला राख तशीच ठेवते. सोमवारपासून ये तू.”

मंगलाबाईने माझ्याकडे पाहिलं. साहेबाचं दार उघडं होतं, आतला पंखा दिसत होता. मी बोललो असतो तर ते आत ऐकू गेलं असतं. माझं तोंड उघडलं होतं. व्हरांड्याखाली गोजराबाई उन्हात बसून आमच्याकडे बघत होती, सगळी वस्ती बघत होती. मी तोंड मिटलं.

“बघते, बाई,” मंगलाबाई म्हणाली.

त्या बाईने मान हलवली आणि ती परत चहाला गेली.

तीन वर्षं. चांगुणा उंच होती, मंगलाबाई बुटकी. चांगुणा सावळी, कपाळावर गोंदण. मंगलाबाई उजळ, देवीच्या वणांची. दोघींना आंधळासुद्धा चाचपून वेगळं ओळखेल. पण चांगुणाला त्या घरी मागच्या फाटकातून यावं लागायचं, भांडी मागच्या अंगणात ठेवलेली असायची, चहा वेगळ्या कपात दगडी कट्ट्यावर ठेवलेला असायचा. तोंड बघायची गरज कुणाला पडली नव्हती. पातळ त्या बाईचं स्वतःचं होतं, म्हणून तेवढं ओळखलं. आम्ही त्या दिवशी घाबरत होतो की हे लोक तिला ओळखतात. वस्तीतले लोक परतीच्या वाटेवर खुशीत होते. कारभारी म्हणाला, वाचलो, नशीब. मी त्याला म्हणालो, पुन्हा नशीब म्हणालास तर इथेच पाडीन. तो मागे राहून चालू लागला.

मंगलाबाईने पातळ धुऊन, वाळवून, घडी घालून आणून दिलं. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. वस्तीत तेवढी एकच आहे.

साहेब खरंच जागा बघून गेला. पाइपाजवळ नाकाला रुमाल लावून उभा राहिला. पण आराखडा मंजूर व्हायला वर्षं लागली, आणि तोवर मला गप्प राहणं भाग होतं. चांगुणा सुनावणीच्या आधी मेली होती हे त्यांना कळलं असतं तर सगळंच उलटलं असतं. तिची मृत्यूची नोंद काढायला मी गेलो नाही. रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी केलं नाही. वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण वर्षाने वंदनेला लोक बोलावतात, तेही मी केलं नाही. सोसायटीत प्लास्टरचं काम निघालं तेव्हा त्याच घराच्या मागच्या अंगणात मी परांचीवर उभा राहून भिंत केली. ती बाई खालून म्हणाली, तुझी चांगुणा आलीच नाही, मिजास वाढली तुम्हा लोकांची. मी थापी मारत राहिलो. वरून खाली बघितलं असतं तर थापी हातात राहिली नसती.

सत्त्याऐंशीत आराखडा मंजूर झाला. मी आणि कारभारी नकाशा बघायला गेलो. रेघा सरकल्या होत्या. रस्ता मैदानाच्या कडेने गेला होता, विहीर बाहेर राहिली होती. कारण दिलं होतं: तांत्रिक सोय. आमच्या कागदाचा उल्लेख नव्हता. त्यात सोसायटीच्या बागेची एक पट्टी गेली होती, आणि तिच्याबद्दल मात्र खेद व्यक्त केला होता.

कचेरीतून मी वस्तीवर गेलो नाही. सरळ त्या बंगल्यावर गेलो, पुढच्या फाटकातून. घंटा वाजवली. ती बाई बाहेर आली. मी सांगितलं की माझी बायको चांगुणा वारली.

ती म्हणाली, “अरे अरे. कधी?”

मी म्हणालो, चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला.

तिला हिशेब लागायला वेळ लागला. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाली, “असं कसं? सुनावणीला मी स्वतः बोलले तिच्याशी. मग ती कोण होती?”

“ते सांगतो,” मी म्हणालो. “तीन वर्षं तुमची भांडी कोण घासत होती, ते आधी तुम्ही सांगा. तोंड कसं होतं तिचं? एवढं सांगा.”

तिने तोंड उघडलं. काहीतरी आठवायचा तिने खरंच प्रयत्न केला, ते मला दिसलं. आतून सेक्रेटरीने विचारलं, कोण आहे गं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “वांगी पातळ होतं तिचं.”

मी वांगी पातळ बरोबर नेलं होतं, पिशवीत. ते तिच्या पायरीवर ठेवलं आणि फाटक उघडं टाकून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी मृत्यूची नोंद केली. उशिरा का आलात म्हणून कारकुनाने विचारलं. मी म्हणालो, तिचं काम बाकी होतं.